पर्यायी बजावणी : गृहीत ज्ञान आणि प्रत्यक्ष ज्ञान

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा करू नये, हे न्यायदानाचे मूलतत्त्व होय. समन्सची बजावणी हे त्याचे व्यावहारिक रूप. परंतु प्रतिवादी सापडतच नसेल, तर वादीने किती काळ तिष्ठत राहावे? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील पाचव्या आदेशाने यावर जी योजना केली आहे, तिचा येथे विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल कोल्हापूरच्या न्यायालयातील एक दावा कल्पू. प्रतिवादीचे घर मंगळवार पेठेत आहे. पण तो तेथे आढळत नाही. वाजवी वेळात तो भेटण्याचा संभव नसेल व समन्स स्वीकारणारा मुखत्यारही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीस समन्स देता येते. घरचा नोकर मात्र कुटुंबीय मानला जात नाही (नियम १५). कसून शोध घेऊनही कोणी न मिळाल्यास बेलिफाने बाहेरील दारावर प्रत डकवावी आणि घर कोणी दाखविले, प्रत कोणासमक्ष डकविली, हे अहवालात नमूद करावे (नियम १७). प्रतिवादी सीमेपलीकडे निपाणीस राहावयास गेल्याचे कळले, तर तेथील अधिकारक्षेत्राच्या न्यायालयाकडे समन्स धाडता येते. बजावणीचा अहवाल कानडीत असल्यास त्यासोबत हिंदी वा इंग्रजी भाषांतर यावे लागते (कलम २८).

रीतसर मार्ग खुंटल्यावरच विसाव्या नियमाची पाळी येते. प्रतिवादी बजावणी टाळण्यासाठी दडून राहतो, अथवा अन्य कारणाने नेहमीच्या रीतीने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. मग न्यायालयाच्या इमारतीत ठळक जागी व प्रतिवादीच्या अखेरच्या ज्ञात घरावर प्रत लावण्याचा, किंवा योग्य वाटेल अशा अन्य रीतीचा हुकूम होतो. वृत्तपत्रातील जाहिरात त्याच्या अखेरच्या ज्ञात वास्तव्याच्या वा धंद्याच्या परिसरात खपणाऱ्या दैनिकातच हवी, असे १९७६ च्या दुरुस्तीने ठरविले. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस, ती पोचून उघडली गेल्याची खूण पाहून, ग्राह्य मानली.

अशी बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक, असे विसावा नियम म्हणतो. उलट १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद १२३ चे स्पष्टीकरण असे की, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जापुरती ती योग्य बजावणी समजू नये. म्हणून तीस दिवसांची मुदत प्रतिवादीस हुकूमनाम्याचे ज्ञान झाल्यापासून मोजावयाची.

ही विसंगती केवळ भासमान आहे. पहिल्या तरतुदीमुळे वादीचा दावा अडून राहत नाही. दुसरीमुळे खरोखर अनभिज्ञ राहिलेल्या प्रतिवादीस दार उघडे राहते. मात्र सुनावणीची तारीख ज्यास ठाऊक होती व हजर होण्यास पुरेसा अवधीही होता, त्यास बजावणीतील केवळ अनियमिततेचा लाभ मिळत नाही, हे नवव्या आदेशातील तेराव्या नियमाच्या परंतुकाने स्पष्ट केले आहे.

तात्पर्य, पर्यायी बजावणी ज्ञान गृहीत धरते. ते निर्माण करीलच असे नाही. प्रतिवादीचा मुंबईचा पत्ता ठाऊक असता जो वादी कोल्हापुरात जाहिरात देऊन मोकळा होतो, त्याचा हुकूमनामा वर्षांनंतरही ढासळू शकतो. प्रामाणिक शोध हा केवळ प्रतिवादीवरील उपकार नव्हे. वादीच्या यशाचा तोच खरा पाया होय.