जोत्यात कोणता नैसर्गिक उष्णतारोधक?

जोते म्हणजे जमिनीपासून उचललेला, घर पेलणारा चौथरा. चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो; तिथे जोत्यात भरायच्या साहित्याचा हा विचार:

• धानाचे तूस: झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मुबलक. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा. सिलिका भरपूर, म्हणून सावकाश कुजते. मोकळे भरल्यास कालांतराने दबते, ठासूनच भरावे.

• तणस (धानाचा पेंढा): अडकलेली हवा उष्णता रोखते. ओल लागली की बुरशी आणि वाळवी.

• बांबू: उष्णतारोधक नव्हे, तळाचा सांगाडा. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया आवश्यक.

• काळी माती: भरावाला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

तूस वा तणस, दोन्ही कोरडे हवे. खाली ओलरोधक थर अनिवार्य.