पुराव्याची चळवळ : बीडमधल्या दीड दशकाचा मागोवा

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 807 मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा 894 होता. राज्यात सर्वांत तळाला बीड होते. पुढे 2019 मध्ये जिल्ह्याचे नाव पुन्हा देशभर गाजले, ते ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. या दोन्ही प्रश्नांवर झालेल्या कामाकडे आज मागे वळून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. चळवळीतली कल्पकता म्हटले की आपल्याला पथनाट्य, कलापथक, भिंतीवरच्या घोषणा आठवतात. त्यांचे मोल आहेच. पण बीडमध्ये सरकारला आणि न्यायालयाला हलवले ते पुराव्याने, आणि जिथे पुरावा मिळतच नाही असे सगळे धरून चालले होते तिथे तो उभा करण्यातच कार्यकर्त्यांची खरी प्रतिभा दिसली.

मुलींची संख्या घटवणारे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा तर आधीपासून होता. मुंबईत 1985 मध्ये गर्भलिंगनिदानाविरोधी मंच उभा राहिला, त्याच्या रेट्यामुळे 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि 'सेहत', 'मासूम' या संस्था व कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. अडचण होती ती फिर्यादीची. चोरी झाली तर ज्याचे गेले तो ओरडतो. इथे डॉक्टर, नवरा आणि सासर एका बाजूला असतात, आणि जिच्या शरीरावर हे घडते तिला तोंड उघडायची मुभा नसते. ॲड. वर्षा देशपांडे यांच्या साताऱ्याच्या लेक लाडकी अभियानाने या कोंडीवर उपाय काढला तो बनावट रुग्णाचा. तयार झालेली एखादी गर्भवती, नातेवाईक म्हणून सोबत एक कार्यकर्ती, क्रमांक टिपून ठेवलेल्या नोटा आणि छुपा कॅमेरा. दवाखान्यात बोलले गेलेले प्रत्येक वाक्य पुढे खटल्यात उभे राहील, या बेताने सगळी आखणी. 2010 मध्ये परळीतल्या एका बड्या दवाखान्यात त्यांनी हा सापळा यशस्वी केला.

यावर पहिला आक्षेप असा की त्याने साधले काय? दवाखाना चालूच राहिला आणि मे 2012 मध्ये तिथे गर्भपातादरम्यान एका महिलेचा जीव गेला. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख यंत्रणेकडे असायला हवा. पुरावा हाती असताना कारवाई रेंगाळली, हे त्या मृत्यूने सिद्ध केले. 2010 चे प्रकरण नोंदलेले होते म्हणूनच 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणायची सोय उरली नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये तो दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. दुसरा आक्षेप नैतिक आहे : सापळा म्हणजे फसवणूक. पण प्रामाणिक डॉक्टर अशा सापळ्यात अडकतच नाही, कारण लिंग सांगायला तो नकार देतो. कागदपत्रांतल्या क्षुल्लक चुकांसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवतात, ही डॉक्टरांच्या संघटनेची तक्रारही सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये अमान्य केली. सोनोग्राफीची नोंद हाच या कायद्याचा कणा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा प्रश्न, गर्भाशय काढण्याचा, याहून गुंतागुंतीचा होता, कारण इथे शस्त्रक्रिया कायदेशीर होती. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा पडला की त्याचे पैसे कापले जातात. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, ना पाणी, ना संडास. अशा जगण्यात पाळी आणि पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' हे सांगणे फार सोपे होते. वृत्तपत्रांनी हे उघड केले आणि महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी ते लावून धरले. जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढली गेल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऊसतोड महिलांची घरोघर पाहणी झाली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, म्हणजे सुमारे 17 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, हे मान्य करूनही ही तफावत झाकता येत नाही. त्याच वर्षी खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले.

मोजल्याने मजुरी वाढत नाही, उचलीचा फास सुटत नाही, असे कामगार संघटना म्हणतात, आणि ते बरोबर आहे. परवानगीच्या कागदाने उसाच्या फडात संडास उभा राहत नाही. मात्र ज्या मजुराचे नाव ना कारखान्याच्या हजेरीवर, ना कुठल्या वहीत, त्याच्यासाठी हक्क मागायचा तर आधी त्याचे असणे नोंदवावे लागते. म्हणून मोजणी ही मजुरीच्या लढ्याची पहिली पायरी आहे, त्याला पर्याय नाही. जिल्ह्याची बदनामी होते, ही ओरडही नेहमीची. बदनामी आकड्याने होत नाही, आकडा जे सांगतो त्याने होते. आणि गर्भलिंगनिदानाबाबत प्रबोधनाशिवाय मन बदलत नाही म्हणणाऱ्यांनी जून 2022 आठवावा. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेत 2015 पासूनच बीडचा समावेश होता, तरी बीड तालुक्यात बेकायदा गर्भपातात आणखी एक महिला दगावली. मोठ्या दवाखान्यातून हा धंदा आता गावातल्या खोल्यांत शिरला आहे. घोषणांच्या जोडीला पाळत नसेल तर तो जागा बदलतो, थांबत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर प्रत्येक ऊसतोड महिलेची तपासणी व्हावी, कारखान्याने नवरा-बायको दोघांचीही स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि सोनोग्राफी, गर्भपात व गर्भाशय शस्त्रक्रियांचे तालुकावार आकडे दरवर्षी ग्रामसभेपुढे यावेत. 2027 च्या जनगणनेची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी हातची जाईल. आपल्या गावाचे आकडे आजच ग्रामसभेत मागा.