वजनकाट्यावर नव्या ड्रायव्हरने काय करावे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत रेल्वे नाही. येथला सारा व्यापार ट्रकच्या चाकांवर चालतो. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर आणि मंचरचा कांदा, सातगाव पठारावरचा बटाटा बाहेर जातो. भिवंडीचे कापड कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढून येते, तर मालेगावचे कापड नाशिक, सिन्नर, संगमनेर करीत आळेफाट्याला पोहोचते. नाशिक-पुणे हा ६० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि कल्याण-नगर हा ६१ क्रमांकाचा, दोन्ही आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. म्हणून आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुले क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि काही वर्षांत स्टेअरिंगवर बसतात.

गिअर, ब्रेक, टायर यांचे ज्ञान त्यांना उस्तादाकडून मिळते. वजनाचा हिशेब मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. आम्ही कापडवाले. गाडी चालवणे हा आमचा धंदा नव्हे, पण गाडी भरणे हा रोजचाच. भरतीच्या वेळी आम्ही पाहतो की शेठ सांगतो, हमाल भरतात आणि नवा ड्रायव्हर चहा पिऊन येतो. पुढे रस्त्यात गाडी काट्यावर गेली की कागद त्याच्या हातात पडतो. म्हणून चार गोष्टी सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही की काट्यावरचा प्रश्न काट्यावर सुटत नाही. तो माल भरतानाच सोडवावा लागतो.

तीन आकडे पाठ असावेत

प्रत्येक गाडीच्या आरसी बुकात दोन आकडे असतात. एक गाडीचे रिकामे वजन, दुसरा मालासह एकूण वजन. या एकूण वजनालाच आपल्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. दोहोंतील फरक म्हणजे भरता येणारा माल, हा तिसरा आकडा. २०१८ साली केंद्र सरकारने ही मर्यादा वाढविली. दोन आसांच्या, म्हणजे सहा चाकी ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली आणि तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन. पण ‘मर्यादा वाढली आहे’ असे ऐकून जुन्या गाडीत जादा माल घेऊ नये. आपल्या आरसीवर जो आकडा छापला आहे, तोच आपला कायदा समजावा.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, पासिंग १८,५०० किलो आणि आरसीवर रिकामे वजन ६,५०० किलो आहे. वरवर पाहता १२,००० किलो माल बसेल. पण आरसीच्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. शिवाय ताडपत्री, दोर, पाण्याचा कॅन, मागून बसविलेले लाकडी फाळके यांचे ओझे असते. २०० लिटर डिझेल म्हणजेच सुमारे १६५ किलो. म्हणून टाकी भरून, सर्व सामानासह आणि दोन माणसांसह रिकामी गाडी एकदा काट्यावर घ्यावी. समजा, ती ६,८५० किलो भरली. मग मालाला राहिले ११,६५०. त्यातून ३०० किलो मोकळे ठेवावेत, कारण दोन काट्यांत थोडा फरक पडू शकतो. उरले ११,३५० किलो. ५० किलोच्या कांद्याच्या गोणी धरल्या तर २२७ गोणी. हा आकडा खिशातल्या डायरीत लिहून ठेवावा. हमालांनी २२७ वी गोणी टाकली की ‘बस’ म्हणण्याचा अधिकार ड्रायव्हरचा आहे.

भरती करताना

एकूण वजन बरोबर असले तरी ते आसांवर बरोबर पडले पाहिजे. चार टायरच्या मागच्या एका आसाची मर्यादा २०१८ पासून ११.५ टन आहे. भारी गाठी फाळक्याकडे आणि हलका माल केबिनकडे अशी भरती झाली तर एकूण वजन मर्यादेत राहूनही मागचा आस जादा भरतो. शिवाय पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टेअरिंग नीट धरत नाही. भारी माल तळाशी, हौद्याच्या लांबीवर सारखा पसरून आणि डावी-उजवी बाजू समान ठेवून भरावा.

वाटेत माल उतरवायचा असेल तर जास्त काळजी घ्यावी. नाशिककडून येणाऱ्या गाडीतल्या काही गाठी नारायणगावला, काही मंचरला उतरायच्या असतात. फाळक्याकडचा माल आधी उतरला की उरलेले ओझे केबिनकडे एकवटते. अशा वेळी दहा मिनिटे घालवून उरलेल्या गाठी मागे सारून घ्याव्यात.

पावसाळ्याचाही हिशेब वेगळा. सूत हवेतला ओलावा ओढते. कापड-सुताच्या व्यवहारात कोरड्या सुतावर ८.५ टक्के ओलावा प्रमाण धरला जातो आणि दमट हवेत तो याहून वाढतो. माळशेजच्या पावसात ताडपत्री गळली तर गाठी भिजतात, बारदान जड होते, हौद्यात चिखल साचतो. उन्हाळ्यात बरोबर भरलेली तेवढीच गाडी जुलैत काट्यावर जास्त दाखवू शकते. म्हणून पावसाळ्यात मोकळे अंतर ३०० ऐवजी ५०० किलो ठेवावे.

कापडवाल्या गाड्यांना आणखी एक धोका असतो. तयार कपड्यांचे गठ्ठे वजनाला हलके, पण आकाराला मोठे. वजन मर्यादेत असूनही माल हौद्याच्या बाजूने किंवा मागे बाहेर आला, अथवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला, तर त्याचाही दंड कायद्यात २०,००० रुपये आहे.

काट्यावर गाडी कशी घ्यावी?

भरती संपताच, रस्त्याला लागण्यापूर्वी, जवळच्या भुईकाट्यावर वजन करावे. काटा निवडताना वैधमापन शास्त्र विभागाचे पडताळणी प्रमाणपत्र लावलेले आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, ते पाहावे. अशा काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते.

गाडी चढण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसते आहे ना, याची खात्री करावी. गाडी सावकाश चढवावी, काट्यावर जोरात ब्रेक दाबू नये. सर्व चाके फलाटावर आली पाहिजेत. आखूड काट्यावर आधी पुढची आणि मग मागची चाके अशी दोनदा तोलून बेरीज करणे खात्रीचे नसते. मधोमध थांबून इंजिन बंद करावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलू नये. रिकामी गाडी माणसांसह तोलली असेल तर भरलेलीही माणसांसहच तोलावी. एकदा वर बसून आणि एकदा खाली उतरून असे केले तर निव्वळ वजनात दीडशे किलोंचा फरक पडतो. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि भरलेले वजन बरोबर छापले आहे का, ते तेथेच वाचावे. ही पावती बिल्टीला टाचून ठेवावी.

पथकाने थांबविले तर

मोटार वाहन विभागाचे वायुवेग पथक महामार्गावर गाड्या तपासते. जुन्नर, आंबेगाव आणि खेड हे तालुके पिंपरी-चिंचवड कार्यालयाकडे, म्हणजे एमएच १४ कडे येतात. हात दाखविला की डाव्या बाजूला थांबावे, हँडब्रेक ओढावा, उतार असेल तर चाकाला दगड लावावा. लायसन्स, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी आणि ई-वे बिल एकाच फायलीत असावे. लायसन्स व आरसी सरकारी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपवर दाखविलेली चालतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११४ प्रमाणे, भार जास्त असल्याचे वाटण्यास कारण असेल तर अधिकारी गाडी काट्यावर नेण्यास सांगू शकतो. हा काटा गाडीच्या पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत, किंवा माल पोहोचवायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा, असे त्या कलमात आहे. नव्या ड्रायव्हरने हे माहीत ठेवावे, पण हुज्जत घालू नये. नम्रपणे विचारावे, “साहेब, कोणत्या काट्यावर घेऊ?” आणि आपली भरतीची पावती पुढे करावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पळणे. कोणी फोनवर सांगतो, पुढे पथक उभे आहे, ढाब्यावर थांब किंवा गावातल्या रस्त्याने काढ. काही जण वजन होण्यापूर्वीच वाटेत माल उतरवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी न थांबविणे, वजन करू न देणे किंवा वजनाआधी माल उतरविणे, यांचा दंड ४०,००० रुपये आहे. शिवाय गावातले पूल आणि साकव भरलेल्या ट्रकसाठी बांधलेले नसतात.

भार जास्त निघाला तर

१ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराचा कायद्यातील दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. माल उतरविण्याचा खर्च वेगळा. वरच्या हिशेबातील गाडीत २२७ ऐवजी २७३ गोणी घातल्या तर एकूण वजन २०,५०० किलो होते, म्हणजे २ टन जादा. दंड २४,००० रुपये. त्या ४६ गोणींचे, म्हणजे २.३ टनांचे भाडे टनाला १,००० रुपये धरले तरी २,३०० रुपये मिळाले असते.

दंड भरला की गाडी तशीच पुढे नेता येते, हा समज चुकीचा आहे. जादा माल उतरविल्याशिवाय गाडी हलविता येत नाही. दंड घेऊन जादा भारासह गाडी सोडण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच अमान्य केली. माल उतरवायचा आदेश लेखी असतो, तो मागून घ्यावा. उतरविलेल्या मालाची जोखीम आपलीच असते, म्हणून ताबडतोब मालकाला कळवून दुसरी गाडी मागवावी. क्लीनरला मालापाशी ठेवावे आणि गोणी मोजून लिहाव्यात. चलनाशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नये. आपल्या पावतीत आणि नव्या वजनात मोठा फरक असेल तर पडताळणी झालेल्या दुसऱ्या काट्यावर वजन करण्याची विनंती करावी. दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात, त्या न्यायालयात दाखविता येतात.

पैशापेक्षा मोठे नुकसान लायसन्सचे. जादा भार वाहणाऱ्या ड्रायव्हरचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे, असा निर्देश रस्ता सुरक्षेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ साली राज्यांना दिला आहे. ज्याची रोजी त्या कागदावर आहे, त्याने तीन महिने घर कसे चालवायचे?

आणि जिवाचे मोल तर वेगळेच. आपल्या भागातून कल्याणकडे जाणारी भाजीपाल्याची गाडी भरलेली असतानाच माळशेज उतरते. जादा ओझ्याने ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हे उस्ताद सांगतात ते खरे. पण दोन-तीन टन जादा असतील तर गिअरही पुरा पडत नाही.

व्यापाऱ्यांना विनंती

शेवटचा शब्द आम्हा माल देणाऱ्यांसाठी. कलम १९४ मधील दंड गाडी चालविणाऱ्याला आहे, तसाच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. ड्रायव्हर गाडीचा मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. बिल्टीवर ‘अंदाजे’ वजन लिहून मोकळे होण्याची सवय सोडावी. नापतोलात खोट करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गिऱ्हाइकाला कमी न देणे जसे त्यात येते, तसेच दुसऱ्याच्या गाडीत लपवून जास्त न घालणेही येते.

भरतीनंतरच्या काट्याचे पैसे माल देणाऱ्याने द्यावेत, ही रीत आपल्या बाजारांत पडली पाहिजे. खर्च थोडा आहे. आणि नवा ड्रायव्हर ‘आता बस’ म्हणाला, तर त्याला भाड्याची धमकी न देता उरलेल्या गोणी पुढच्या फेरीला ठेवाव्यात.