दुष्काळात माणसं कुठे मरतात?

हुकूमशाहीत निर्णय झटपट होतात, हे खरंच आहे. पण चुकीचा निर्णयही तितक्याच झटपट होतो, आणि तो चुकला हे वर कळवायची कुणाची छाती होत नाही. १९५८ साली माओंनी चीनमध्ये शेती-उद्योगाचं उत्पादन झटपट वाढवायची ‘मोठी झेप’ ही मोहीम सुरू केली. खालचे अधिकारी वरच्यांना खूश करायला पिकांचे फुगवलेले आकडे पाठवत राहिले आणि सरकार त्याच आकड्यांवरून धान्य उचलत राहिलं. १९५९ मध्ये पक्षाच्या लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी शंका काढली, तर त्यांचं पदच गेलं. गावं उपाशी असताना धान्याची निर्यात चालू होती! अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बळी कोटींत मोजावे लागतात. आता लोकशाहीतला, १९७२ च्या दुष्काळातला महाराष्ट्र बघा. पिकं करपली, हाल अतोनात झाले. पण वर्तमानपत्रं लिहीत होती, मोर्चे निघत होते, विरोधक विधानसभेत जाब विचारत होते. दुष्काळी कामांवर लाखो हातांना काम मिळालं आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

यावर रास्त आक्षेप असा की, भारतातलं कुपोषण कुठे संपलं? चीनने तर आयुर्मानात आपल्याला केव्हाच मागे टाकलं. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनीही हे स्पष्ट मांडलंय. दुष्काळाची बातमी होते, अंगणवाडीतल्या खुरटलेल्या मुलाची रोज होत नाही. आणि जिथे ओरड नाही, तिथे लोकशाही सरकारही ढिम्म बसतं. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पण त्यावरचा उपाय ओरड वाढवणं हा आहे, बंद करणं नव्हे.