दिसणे आणि दिसल्याची खात्री

डोक्याच्या मागच्या बाजूला आठच्या आकड्यासारखी कॉइल टेकवतात आणि तिच्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडतात. ‘टक्’ असा आवाज होतो, चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडते आणि आतल्या चेतापेशी उत्तेजित होतात. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफील्डमध्ये १९८५ साली ही पद्धत दाखवली. चारच वर्षांनी अमासियन यांच्या गटाने पडद्यावर अक्षरे चमकवून सुमारे ८० ते १०० मिलिसेकंदांनी दृष्टिकेंद्रावर असा ठोका दिला, तेव्हा ती वाचता येईनात. त्या घडीला हा भाग पाहण्यासाठी लागतो, एवढे यातून कळते. पण आपण नीट पाहिले की नाही, हे माणूस कशावरून ठरवतो? ती पारख हे पाहण्याहून वेगळे काम आहे, असे मला वाटते. ते तपासायचे तर प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायला हवेत: काय दिसले, आणि किती खात्री आहे.

रौनिस, लाऊ आदींनी २०१० साली कपाळामागच्या भागावर ठोक्यांची जलद मालिका देऊन हेच विचारले. बरोबर उत्तरांचे प्रमाण मुद्दाम सारखे राखले होते. तरी ‘स्पष्ट दिसले’ हा कौल बरोबर उत्तरांशी पूर्वीइतका जुळेना. यावर आक्षेप रास्त आहेत. ठोक्याने कपाळाचे स्नायू आखडतात, लक्ष उडते. शिवाय २०१७ साली बोर आणि सहकाऱ्यांना हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. म्हणून या एका प्रयोगावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. मला अधिक पटतो तो रहनेव्ह आदींचा २०१२ चा प्रयोग. तिथे ठोका दृष्टिकेंद्रावर होता. उत्तरे जास्त चुकू लागली आणि खात्री मात्र वाढली! नुसते लक्ष उडाले असते तर दोन्ही घसरायला हवे होते.

कुणी म्हणेल, यासाठी दोन कामे मानायची गरजच नाही: ठोक्याने संकेतात गोंगाट मिसळतो, खात्रीचा उंबरठा जागचा हलत नाही, म्हणून तो अधिक वेळा ओलांडला जातो. हे स्पष्टीकरण मला मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचे आहे. संकेत बिघडला तरी उंबरठ्याला त्याचा पत्ता लागत नसेल, तर तो ठरवणारे काही पाहण्याच्या यंत्रणेपासून अलग असलेच पाहिजे. ते कपाळामागे असावे, असे यावरून वाटते: शेखर आणि रहनेव्ह यांनी २०१८ साली कपाळामागच्या एका भागावर ठोके दिले तेव्हा खात्री उतरली. त्याच्याही पुढच्या भागावर दिले तेव्हा स्वतःच्या उत्तरांची पारख सुधारली.