जुना खेळ आणि नवा खेळ : मनुष्यबळाची व भांडवलाची वाटणी

जुना माल आणि नवा माल यांचा मेळ कसा घालावा, हे आपल्या समाजास कोणी नव्याने शिकवावयास नको. तांदूळ जुना झाला म्हणजे त्याचे मोल वाढते. डाळ जुनी झाली म्हणजे तिला कीड लागते. म्हणून वखारीतील कोणते पोते ठेवावयाचे आणि कोणते आधी काढावयाचे, याचा निर्णय केवळ मालाच्या वयावरून करता येत नाही. हाच प्रश्न आज एका अगदी निराळ्या धंद्यापुढे उभा आहे. तो धंदा म्हणजे संगणकावर व मोबाइलवर खेळावयाच्या खेळांच्या निर्मितीचा. आपल्या घरांतील मुले-मुली शिक्षणानिमित्त नागपूर, पुणे, बंगळूर येथे जातात, आणि तेथे या धंद्यातील नोकरीही त्यांच्यापुढे येऊ शकते. तेव्हा हा धंदा आतून कसा चालतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा विषय येथे मांडीत आहो.

पूर्वी या धंद्याची रीत सरळ होती. खेळ तयार करावयाचा, तबकडीवर भरून पेटीत घालावयाचा आणि विकावयाचा. पुस्तक छापून विकण्यासारखाच तो व्यवहार होता. आता मात्र अनेक मोठे खेळ इंटरनेटवरून चालतात. ज्या संगणकांच्या आधारे लक्षावधी लोक एकाच वेळी खेळू शकतात त्यांस सर्व्हर म्हणतात, व ते अहोरात्र चालू ठेवावे लागतात. खेळातील दोष दुरुस्त करणे, लबाडीने खेळणाऱ्यांस आवरणे, मोबाइलची नवी आवृत्ती निघाली की खेळ तिच्याशी जुळविणे आणि ठराविक काळाने खेळात काही नवे घालणे, ही कामे थांबत नाहीत. कित्येक खेळ तर फुकटच मिळतात. उत्पन्न येते ते खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून व जाहिरातींतून. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आले तरी त्याची बडदास्त रोज ठेवावी लागते.

उलटपक्षी नवा मोठा खेळ तयार होण्यास चार-पाच वर्षे सहज लागतात. शेकडो माणसे त्यावर राबतात आणि त्या काळात त्यापासून एक रुपयाही येत नाही. त्यांचा पगार पुष्कळदा जुन्या खेळाच्या उत्पन्नातूनच निघतो. शिवाय अडचण केवळ पैशाची नसते. पैसा कर्जाऊ मिळतो. पण त्या कामात मुरलेला चित्रकार किंवा संगणकाची आज्ञावली लिहिणारा कारागीर बाजारातून एका दिवसात आणता येत नाही. त्यामुळे जुन्या खेळावरचा हात नव्यावर नेला की जुन्याचे काम तितके उणे पडते.

पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांस हे समजण्यास अवघड जाऊ नये. नवी कलमे लावली तरी त्यांना फळ धरण्यास चार-पाच वर्षे जातात. तोवर घर चालते ते जुन्या बागेवर. विहिरीचे पाणी मात्र एकच. सारे पाणी नव्या कलमांस दिले तर जुनी बाग एका उन्हाळ्यात वाळते. सारे जुन्या बागेस दिले तर दहा वर्षांनी बागच राहत नाही. खेळांच्या संस्थेचा मालक याच पाण्याची वाटणी करीत असतो.

या वाटणीची सर्वसाधारण रीत अशी. नव्या खेळाची कल्पना पक्की होईपर्यंत त्यावर थोडीच माणसे नेमतात. बाकीची जुन्या खेळावर असतात. आराखडा ठरला की एकेक तुकडी नव्याकडे वळविली जाते. खेळ बाजारात येण्याच्या सुमारास बहुतेक हात तिकडे लागतात आणि जुन्या खेळाजवळ केवळ देखभाल करणारी लहानशी तुकडी उरते. पुष्कळदा हे देखभालीचे काम दुसऱ्या शाखेकडे किंवा बाहेरच्या संस्थेकडे सोपवितात. किती हात ठेवावयाचे याचा हिशेब रोजच्या खतावणीसारखा असतो: आज किती खेळाडू आले, आलेल्यांपैकी महिन्यानंतर किती टिकले, एका खेळाडूमागे किती उत्पन्न झाले आणि त्यासाठी किती खर्च पडला.

या हिशेबात खेळाचे वय गौण ठरते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील रॉकस्टार या संस्थेचे होय. तिचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा खेळ 2013 सालचा आणि 'रेड डेड रिडेम्पशन २' हा 2018 सालचा. दोहोंसही इंटरनेटवर खेळण्याचा भाग जोडलेला आहे. पुढचा मोठा खेळ हाती घेतल्यावर जुलै 2022 मध्ये संस्थेने उघड सांगितले, की माणसे त्या कामाकडे वळवीत असल्यामुळे 'रेड डेड ऑनलाइन' मध्ये यापुढे मोठी भर पडणार नाही. खेळाडूंनी तर त्या खेळातच त्याची अंत्ययात्रा काढली! परंतु 2013 च्या खेळात भर पडतच राहिली, कारण त्याचे उत्पन्न फार मोठे होते. थोरले झाड फळे देत होते, म्हणून पाणी धाकट्याचे तोडले गेले.

वाटणी चुकली तर काय होते, हे ब्लिझार्ड या संस्थेच्या 'ओव्हरवॉच' वरून दिसते. 2016 साली निघालेला हा खेळ उत्तम चालला होता. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि हळूहळू पहिल्यात नवे काही येणे जवळजवळ थांबले. दुसरा भाग ऑक्टोबर 2022 मध्ये आला व पहिला बंद करण्यात आला. ज्या विस्तृत कथाभागाच्या आशेवर खेळाडूंनी ही वर्षे काढली, त्याचा मुख्य मनोरा संस्थेने मे 2023 मध्ये रद्द केला. जुने दुकान ओस पाडून नव्या दुकानाची वाट पाहावयास लावावे, आणि नव्यात ठरलेला माल येऊच नये, असा हा प्रकार झाला.

याच्या उलट 'एज ऑफ एम्पायर्स २' पाहा. हा खेळ 1999 सालचा. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि एप्रिल 2022 मध्ये भारतातील राजवंशांवर आधारलेली भरही तीत पडली. मधल्या काळात, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्याच मालिकेतील चौथा खेळही आला. दोन्ही टिकले, याचे एक कारण असे, की चौथ्याचे मुख्य काम एका संस्थेकडे होते आणि दुसऱ्याचे निराळ्या संस्थेकडे. आणि ती दुसरी संस्था मूळच्या हौशी खेळाडूंच्या मंडळीतूनच उभी राहिली होती. नव्यासाठी जुन्याचे हात ओढावे लागले नाहीत.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. यूबिसॉफ्ट या फ्रेंच संस्थेने 2008 साली पुण्यात शाखा घेतली व 2018 साली मुंबईत उघडली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा 2003 सालचा नामांकित खेळ नव्याने घडविण्याचे काम या दोन शाखांकडे असल्याचे सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाले. तारखा पुढे गेल्या. मे 2022 मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे गेले, आणि जानेवारी 2026 मध्ये संस्थेने आपली पुनर्रचना करताना तो खेळच रद्द केला. पाच वर्षांहून अधिक काळाचे श्रम बाजारात आलेच नाहीत. यात कारागिरांच्या कौशल्याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण शाखेतील तरुणाचे भवितव्य हजारो कोस दूर झालेल्या वाटणीवर कसे अवलंबून असते, हे यावरून ध्यानी यावे.

आता गिऱ्हाइकाविषयी. याच संस्थेचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर 2014 मध्ये निघाला आणि 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून तो घेतला होता त्यांच्या हाती काही उरले नाही. यावरून युरोपात मोठी चळवळ झाली. दहा लाखांहून अधिक लोकांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा आहे, की अशा वस्तू विकताना ग्राहकास मालकी मिळते की केवळ वापरण्याचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगावे लागते. यूबिसॉफ्टनेही त्या मालिकेतील पुढील खेळ इंटरनेटवाचून चालतील अशी सोय करण्याचे जाहीर केले. जुना धंदा आवरण्यात दोष नाही. पण ज्याचे दाम घेतले ते गिऱ्हाइकाच्या हाती राहू द्यावे, ही गोष्ट अचौर्य व्रत मानणाऱ्या आपल्या समाजास वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पुष्कळ खेळांत मारामारी व हिंसा असते. अहिंसेचा उपासक असलेल्या घराने त्यात कितपत पडावे, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे आणि तो प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने करावा. येथे आमचे सांगणे व्यवहारापुरतेच आहे. मुलास वा मुलीस अशी नोकरी मिळाली तर केवळ पगाराचा आकडा विचारू नये. काम कोणत्या खेळावर आहे, तो जुना की तयार होत असलेला, संस्थेचे उत्पन्न आज कोणत्या खेळातून येते, आणि तो खेळ बंद पडला तर त्यावरील माणसे दुसरीकडे सामावून घेण्याची संस्थेची रीत आहे काय, हे विचारावे. जी संस्था एकाच जुन्या खेळाच्या उत्पन्नावर तीन नवे खेळ उभारू पाहते, तिथे सावध असावे. जी जुन्याच्या नफ्यातून नव्यास पोसते आणि जुन्याच्या मुळाचे पाणी तोडीत नाही, तिथे मुलाने निश्चिंतपणे काम शिकावे.

आणि हाच ताळा आपल्या पेढ्यांसही लागू आहे. मुलगा नवा धंदा काढू म्हणतो तेव्हा त्यास अडवू नये; जुन्या धंद्याचा नफा त्यास जरूर द्यावा. मात्र जुन्या धंद्याचे खेळते भांडवल आणि त्यातील जाणती माणसे एकदम त्याच्या हवाली करू नयेत. नव्या कलमांस फळ धरेपर्यंत जुन्या बागेची पाळी चुकता कामा नये.

जय जिनेंद्र.