प्रवाळावरचे गुलाब : समुद्री गोगलगायींची अंडी कशी ओळखायची?

हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांवर, पाठीला हवेची टाकी बांधून उतरणाऱ्यांना कधीकधी एक लालगुलाबी ‘फूल’ दिसते. गुलाबासारख्या एकात एक गुंडाळलेल्या पाकळ्या पाण्याबरोबर हेलकावत असतात. पण हे फूल नाही, वनस्पतीही नाही. ही आहे अंड्यांची फीत. ती घालते हेक्झाब्रँकस, म्हणजेच ‘स्पॅनिश डान्सर’ नावाने प्रसिद्ध असलेली, शंख नसलेली समुद्री गोगलगाय.

फीत घालणारा प्राणी बहुधा तिथून निघून गेलेला असतो. मग ती कोणाची हे आपण कसे ठरवायचे?

पहिला प्रश्न आकाराचा. या गोगलगायी उभयलिंगी असतात; मीलनानंतर दोन्ही प्राणी अंडी घालू शकतात. अंडी सूक्ष्म कोशांत आणि कोश चिकट श्लेष्मात गुंफलेले असतात. डोरिड गटातील गोगलगायी बहुधा फीत कडेवर उभी ठेवून चक्राकार चिकटवतात. इओलिड गटात बारीक, नागमोडी दोरा आढळतो. समुद्री सशांची अंडी म्हणजे शेवयांचा गुंताच! कॅलिफोर्नियाच्या एका समुद्री सशाने सुमारे चार महिन्यांत ४७.८ कोटी अंडी घातल्याचा अंदाज १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

दुसरा प्रश्न जागेचा. अनेक जाती आपल्या अन्नावर किंवा त्याच्या जवळ अंडी घालतात. कोणी स्पंज खाते, कोणी हायड्रॉइड, तर कोणी शैवालाचा रस शोषते. म्हणून फीत कशावर चिकटली आहे, याची नोंद रंगाच्या नोंदीइतकीच मोलाची असते. शिवाय रंग फसवा असतो. आतले भ्रूण वाढू लागले की तो बदलतो.

तिसरा प्रश्न : हे दुसऱ्याच कोणाचे तर नाही? वाळूवर शर्टाच्या कॉलरसारखी पट्टी दिसली तर ती शंख असलेल्या नॅटिसिडी कुळातील गोगलगायीची असते. देठाने वाळूत रोवलेला जेलीचा फुगा काही समुद्री गोगलगायींचा असतो, तसाच काही वलयी कृमींचाही असतो. इथे सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. पुरेशी वाढ झालेल्या अंड्यात इवल्याशा शंखासह गरगर फिरणारा डिंभ दिसला, तर प्राणी मृदुकाय आहे हे नक्की. मोठेपणी शंख नसणाऱ्या गोगलगायींच्या डिंभालाही शंख असतो. त्यांचे पूर्वज शंखधारी होते, याची ही खूण.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फितीवर एखादी गोगलगाय बसलेली दिसली, तर ती आईच असेल ना? तसे नाही! फॅव्होरिनस या गोगलगायी दुसऱ्या गोगलगायींची अंडी खाऊन जगतात. खाल्लेल्या अंड्यांचा रंग त्यांच्या पारदर्शक अंगातून दिसतो आणि फसगत आणखीच पक्की होते. जवळ असणे म्हणजे नाते असणे नव्हे. प्रत्यक्ष अंडी घालताना पाहणे किंवा अंड्यांचा आणि प्राण्याचा डीएनए जुळणे, हाच खात्रीचा पुरावा.

हेक्झाब्रँकसची अंडी उघड्यावर असूनही मासे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. ही गोगलगाय स्पंजांतील विषारी द्रव्ये साठवते आणि अंड्यांतही उतरवते. याच प्रकारचे काबिरामाइड हे बुरशीरोधक द्रव्य जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये न्यूडिब्रँकांच्या अंड्यांतून वेगळे केले. इशिगाकी बेटावरील काबिरा उपसागरावरून त्याला नाव मिळाले. फॅव्होरिनसला मात्र या विषाची पर्वा नसते.

म्हणून नोंद करताना आपण पायरीपायरीने लिहावे : ‘मृदुकाय, नक्की’, ‘डोरिड, बहुतेक’, ‘जात, माहीत नाही’. हेक्झाब्रँकसची एकच जात मानली जात होती, पण डीएनएच्या अभ्यासातून त्यात अनेक जाती दडलेल्या आढळल्या. तेव्हा नुसत्या फितीवरून जातीचे नाव देणे धाडसाचेच.

कोकणातील शिक्षकांना यासाठी समुद्रात उतरण्याची गरज नाही. मोठ्या ओहोटीला खडकांतील डबक्यांत अशा फिती आणि गुंते शोधता येतात. मुलांकडून चित्र, माप, जागा आणि रंग यांची नोंद करून घ्यावी. फीत मात्र खरवडून काढू नये. ती सुटली की आतल्या हजारो भ्रूणांचा जीव धोक्यात येतो. चार दिवसांनी पुन्हा त्याच डबक्याशी जावे आणि रंग बदलला का, हे मुलांनाच पाहू द्यावे.